खटलं गावी जमतं तेव्हा (आपापले अनुभव लिहा)

सपरीतली

परवा पुरणाची डाळ शिजवायला मोठं भांडं हवं होतं म्हणून माळ्यावरचा पितळी गंज काढला. (गंज म्हणजे उभ्या काठाचं पातेलं, पुणेकरांनो.) चिंचेने घासता घासता काठाखालची अक्षरं वर आली. आबाजींचं नाव, गावाचं नाव आणि साल. साल १९५८ की १९५९ यावर आमच्याकडे कायमचा वाद आहे, कारण शेवटचा आकडा ठोकताना भांडेवाल्याचा हात हलला. डाळ राहिली बाजूला, मी त्या गंजासकट गावी पोचले.

गाव विदर्भात, कारंज्याजवळ. आमचं खटलं (म्हणजे अख्खं मोठं कुटुंब) महालक्ष्म्यांना, म्हणजे तुमच्या गौरींना, जमायचं. लक्ष्म्या वाड्यातच बसणार, ज्याला यायचं त्यानं यावं. तेवीस माणसं आणि एक न्हाणीघर. मोठीआई पहाटे चारला चूल पेटवायची, याच गंजात ज्वारीची आंबील रटरटायची (तेव्हा कल्हई होती, आता पार उडालीय). मोठेबाबा स्टुलावर चढून फुलोरा बांधत आणि खाली आम्ही पोट्टे करंजी कधी तुटून पडते याची वाट पाहत बसलेलो. एका वर्षी पडली खरी, नेमकी कनिष्ठेच्या बाळाच्या डोक्यावर. सगळे चिडीचूप. मोठीआई म्हणाली, "पडली म्हणजे तिनंच देल्ली. खा आता."

मोठीआई गेली. मागच्या वर्षी वाड्यात शेवटचे जमलो. पुण्याहून निघून संभाजीनगरला समृद्धी गाठली, अंधार पडायच्या आत कारंज्याला उतरलो. लक्ष्म्या यंदापासून धाकट्या काकांच्या अमरावतीच्या फ्लॅटमध्ये. कोठ्या डिक्कीत गेल्या, मुखवटे काकूच्या मांडीवर, वरून सीटबेल्ट. भांडी वाटली तेव्हा गंज मला आला.

तुमचं जमतं का अजून? लिहा. शुद्धलेखन कोणी तपासत नाहीये.

तर्रीबाज

तेवीस माणसं एक न्हाणीघर, हाहा. आमच्याइकडे नंबर रात्रीच लागे, ज्याची बादली पुढं त्याचा नंबर. मामा बादली ठेवून झोपायले जाये, सकाळी पाहे तर बादली विहिरीपाशी अन् नंबर मावशीचा. बोलायची सोय नाही, मावशी मोठी.

साताऱ्याची_सून

लग्नानंतरचा पहिलाच मेळावा, अकोट तालुका, मे महिना. (लोकहो, मे मध्ये कोण जमतं? जावळं होतं म्हणे.) सासूबाई म्हणाल्या, "सांबार आण व वाडीतून." मी वाडीभर फिरून आले, मला सांबाराचं झाड काही दिसेना. शेवटी दुकानातून मसाल्याचं पाकीट आणलं. वीस बायका एकदम हसल्या. कोथिंबीर हवी होती हो त्यांना!

मग टोमॅटोला भेदरं, झोपाळ्याला बंगई. वही केली मी. अजून आहे.

आणि पुरणपोळीबरोबर तूप वाढत नाहीत, वाटी भरून देतात. पोळी त्यात बुडवायची. मी चमच्याने घेत होते तर आजेसासूंनी माझी पोळी स्वतः धरून बुडवली. हे मात्र मी माहेरी जाऊन सगळ्यांना शिकवलं.

तर्रीबाज

सांबाराचं झाड!! मेलो.

काळीमाती

जमणं वगैरे ठीक आहे, आमचं शेवटचं जमणं तहसीलमध्ये झालं. सातबारावर चौदा नावं. एक काका सुरतला, एक आत्या बिलासपूरला, एकाचा पत्ताच नाही. वाटणीसाठी सगळ्यांच्या सह्या हव्या. बाहेर चहाच्या टपरीवर मात्र मस्त गप्पा झाल्या, खरं सांगतो, पंधरा वर्षांत एवढं बोललो नव्हतो. सही झाली नाही. पुढची तारीख आहे, तेव्हा परत जमू.

मूर्तिजापूरकर

कारंजा म्हटलं अन् शकुंतला नाही? पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं मूर्तिजापूरले उतरायचं, बाजूला ही पिटुकली नॅरोगेज उभीच राहे. एका अंगानं यवतमाळ, दुसऱ्या अंगानं अचलपूर, दोन्ही मिळून १८९ किलोमीटर. इंजिन १९२१ चं, मँचेस्टरचं. १९९४ पर्यंत वाफेवर चाललं, मंग डिझेल. आता तेही बंद.

गार्डच तिकीट फाडे. आमची बुढी त्याच्याशी घासाघीस करे, "माह्यं पोट्टं मांडीवरच बसते, त्याचे कायले पैसे?" पोट्टं म्हणजे मी. दहा वर्षांचा. पाय गाडीच्या फळीले टेकत होते.

सपरीतली

@मूर्तिजापूरकर अहो, आमचे मुखवटे एकदा त्या गाडीतच राहिले होते! कल्हईला मूर्तिजापूरला नेले होते भांड्यांसोबत. मोठेबाबा सायकलने गाडीच्या मागे. पुढच्या स्टेशनात गाठली की हो त्यांनी.

मूर्तिजापूरकर

सायकलनं गाठली यात काही विशेष नाही, ताशी २० नं जाये थे. मुखवट्याले कल्हई कायले पण?

सपरीतली

पॉलिश असेल. मी लहान होते, खोदून विचारू नका.

झाडीचा_पाहुणा

तुमच्या लक्ष्म्या, तशी आमची मंडई. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडं दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवाळीला कोणी नाही आलं तरी चालतं, मंडईला लेकी-जावई हजर. दिवसा दंडार (नाच-गाण्याचा लोकखेळ), रात्री नाटक. वडसाच्या कंपनीचं नाटक ठरलं की पाहुण्यांचा आकडा दुप्पट. उजाडेपर्यंत बसायचं, बसायला घरून पोतं न्यायचं.

आता आमचं सांगतो. जुनं गाव गोसेखुर्द धरणात गेलं. पायाभरणी १९८८ ला झाली, तेव्हा मी पोटात होतो, म्हणजे गाव जाणार हे माझ्या जन्माआधीच ठरलेलं. प्रत्यक्ष उठलो तेव्हा मी कामाला लागलेलो. नवीन गावठाणात रस्ते सरळ, घरं ओळीत. पहिल्या मंडईला आजी आली आणि नाटकाला बसायलाच तयार नाही. म्हणे, पाटलाचं घर उजव्या हाताला पाहिजे, इथं डाव्या हाताला आहे, मी कुठं बसू? दरवर्षी तिची जागा ठरलेली होती ना, चिंचेखाली, पाटलाच्या भिंतीला टेकून.

दुसऱ्या दिवशी काकांनी एक ढिवर (मासेमार) ओळखीचा होता त्याच्या डोंग्यात (होडीत) बसवून नेलं तिला वैनगंगेवर. बरंच आत गेल्यावर ती म्हणाली थांबव. आम्हाला नुसतं पाणी. तिनं पदराच्या गाठीतली सुपारी काढून पाण्यात टाकली आणि म्हणाली चला, भात व्हायचा आहे.

साताऱ्याची_सून

वाचून गप्प झाले.

कापूसवेचणारी

मुलगा उठायच्या आत पटकन लिहिते. आमच्याकडे दिवाळीला सगळे जमत आणि नेमकं तेव्हाच घरात कापूस. भाव वाढायची वाट बघत मधल्या खोलीत छताला लागेल एवढा. झोपायला जागा नाही म्हणून आम्ही चुलत भावंडं कापसावरच. पहिली पाच मिनिटं महाराजांची गादी, मग जी खाज सुटायची! सकाळी सगळ्यांच्या अंगावर लाल चट्टे. शहरातल्या काकूंना वाटलं गोवर आली. उठला, जाते.

रोडगेसम्राट

कोणीच रोडग्याचं कसं नाही लिहिलं राव. आमच्याकडे मेळावा म्हणजे वावरातल्या मारुतीपुढं रोडगे, आणि त्या दिवशी बायकांनी चुलीकडं फिरकायचं नाही, सगळं माणसांनी करायचं. जाडसर कणीक, तेलाचा हात लावून पदरावर पदर, वरून गोळा बंद. गोवऱ्या पेटवून आर झाला की त्यात पुरायचे. काढून फडक्यात घोळवून राख झटकायची, दाबून फोडायचा, वर तूप. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. यंदा जावयानं ग्रिल आणली पुण्याहून. कोळशाची. मोठ्या काकांनी तिच्यावर जोडे वाळवले.

तर्रीबाज

पळसाच्या पानात बांधले की पानगे ना?

रोडगेसम्राट

हाव. भूक लागली का?

तर्रीबाज

दुपारपासून. डब्यात दुधी होता. विषयांतर, पण अकोल्याहून पुण्याला शनिवारपर्यंत येणारं आहे का कोणी? आईनं सांडगे आणि तिखट बांधून ठेवलंय.

कापूसवेचणारी

माझे दीर येतात शुक्रवारी. मेसेज करा. तिखट मात्र दोन पिशव्यांत बांधायला सांगा, मागच्या वेळी त्यांची सगळी पांढरी शर्टं लाल झाली.

काळीमाती

@सपरीतली मग ५८ का ५९? ते राहिलंच.

सपरीतली

लिहिणारच होते. तुमच्या सगळ्यांच्या नादाने काल आत्याला फोन केला. ब्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, तीनदा ओरडून विचारलं. म्हणाली, "एकोणसाठ. माह्यं लग्न त्याच साली झालं. थो गंज माह्या आंदणातला, नाव टाकून आणला होता. मंग बुढी म्हणे, घरात मोठं भांडं नाही, पुढच्या वर्षी दुसरा देऊ."

मी विचारलं, मग दिला का?

म्हणाली, "तुह्यापाशी हाय ना थो? कल्हई करून घेजो अन् दिवाळीले आणजो."