तळलेलं पाप आणि कॅरिबियन 'स'
स्पॅनिशमध्ये पेस्कादो म्हणजे मासा, पेकादो म्हणजे पाप, आणि 'स' गाळणारा गोरा मिशनरी हॉटेलात तळलेलं पाप मागवतो, असा एक किस्सा आहे. तो अगदी शक्यतेतला आहे, पण सगळा दोष त्या बिचाऱ्याच्या माथी नको. क्युबा, पोर्तो रिको, डोमिनिकन रिपब्लिक या पट्ट्यात अक्षराच्या शेवटी येणारा 'स' स्थानिक लोकच गिळतात. त्याचा हलका 'ह' होतो, नाहीतर काहीच उरत नाही. शेवटच्या 'आदो'मधला 'द'ही गळतो. म्हणजे मासळीवालाच 'पेह्काओ' म्हणतो, आणि घाईत तो 'ह'सुद्धा जातो. कानाने शिकणाऱ्याची इथे पंचाईत. हॉटेलात तरी संदर्भ वाचवतो. ताटात पाप कोण वाढणार?

खरी गंमत प्रवचनात, कारण तिथे दोन्ही शब्द खपतात. बायबलातल्या मत्तय ४:१९ मधलं 'माणसे धरणारे' स्पॅनिशमध्ये 'पेस्कादोरेस दे ओंब्रेस', म्हणजे माणसांचे कोळी, आहे. 'स' गाळला की कोळ्यांचे थेट पापी होतात. त्यात अमेरिकन जिभेला ऱ्हस्व 'ऑ'चा 'आ' करायची खोड, त्यामुळे ओंब्रे (माणूस) जाऊन आंब्रे (भूक) येतं. (आपल्याकडच्या आंब्रे मंडळींनी तिकडे आडनाव सांगताना जपून!) नवशिक्याने 'स' ठसठशीत उच्चारावा. कॅरिबियनमध्ये तो जरा पुस्तकी वाटतो, पण गैरसमज होत नाही. आणि मासा मागवताना पुढे 'फ्रितो', म्हणजे तळलेला, जोडावं.