सहा डबे भरतात, पण कचरा कमी कसा करावा?

प्रश्न (सुदामानगर, इंदूर)

नमस्कार. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक असा सहा प्रकारचा कचरा वेगळा ठेवणे आमच्या घरात आता इतके अंगवळणी पडले आहे की सकाळी गाडीचे गाणे ऐकू आले की धाकटा मुलगाही न सांगता योग्य तो डबा उचलतो. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पहिले आले, याचा मला मनापासून अभिमान आहे. मात्र प्लास्टिकचा डबा आजही पूर्वीइतक्याच लवकर भरतो. कचरा नीट विभागायला आपण शिकलो, पण तो मुळात कमी करायला शिकलो नाही, असे वाटू लागले आहे. घरात सासूबाई धरून पाच माणसे आहेत. फार खर्च न करता सर्वांना रोज पाळता येतील अशा सवयी कृपया सुचवाव्यात. शिवाय संक्रांतीचे हळदीकुंकू जवळ आले आहे. दरवर्षी प्लास्टिकचे डबे किंवा गाळण्या वाण म्हणून लुटल्या जातात, त्याऐवजी काय द्यावे तेही सांगावे.

उत्तर १ (राजेंद्रनगर)

ताई, आपला प्रश्न कचऱ्याचा आहे, तरी मी सुरुवात पाण्यापासून करीन, कारण इंदुरात पाण्याची उधळपट्टी म्हणजे विजेची उधळपट्टी आहे. आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर लांबीच्या नळांतून येते आणि वाटेत विंध्याचा चढ चढून माळव्याच्या पठारावर पोहोचते. ही चढण चारशे मीटरांहून अधिक आहे. एवढ्या उंचीवर हजार लिटर पाणी चढवायला, पंपातली आणि नळांतली घट अजिबात धरली नाही तरी, एक युनिटाहून अधिक वीज लागते. प्रत्यक्षात ती आणखी बरीच लागते. टाकी भरून गच्चीवरून पाणी वाहू लागते तेव्हा ही सगळी वीजही त्याच्याबरोबर गटारात जाते. म्हणून पहिला खर्च टाकीतला फ्लोट व्हॉल्व्ह दुरुस्त करण्यावर करावा.

दुसरी गोष्ट सासूबाईंच्या पिढीशी बोलूनच बदलावी लागेल. आपल्याकडे अनेक वस्त्यांत नळ दिवसाआड येतात आणि ताजे पाणी आले की कालचे ‘शिळे’ म्हणून हंडे-कळश्या मोरीत रिकाम्या केल्या जातात. झाकून ठेवलेले पाणी एका दिवसात खराब होत नाही. तरीही पिण्यासाठी नको असेल तर ते फरशीला, कुंड्यांना किंवा कपडे भिजवायला वापरावे. आरओ यंत्र असल्यास त्याची सांडपाण्याची नळी बादलीत सोडावी. गाळलेल्या प्रत्येक लिटरमागे साधारण दोन-तीन लिटर पाणी त्या नळीतून जाते. हे पाणी क्षारयुक्त असल्याने झाडांना रोज घालू नये, पण फरशी पुसायला आणि संडासात ओतायला ते उत्तम.

उत्तर २ (टिळकनगर)

घरातल्या ओल्या कचऱ्याचे खत घरीच करावे असे मी सुचवीन. भाजीची देठे आणि वाळलेली पाने मातीच्या कुंडीत थरांनी रचली की दोन-तीन महिन्यांत खत तयार होते.

उत्तर ३ (रामबाग)

वरील सूचना चांगली आहे, परंतु ज्यांना गच्ची किंवा बाग नाही त्यांनी त्यासाठी अपराधी वाटून घेऊ नये. देवगुराडियाला फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी आणि खत तयार करण्याची आहे, आणि त्या वायूवर शहरातील बसगाड्याही धावतात. आपला ओला कचरा तेथे वाया जात नाही, फक्त तो निर्भेळ हवा. कोथिंबिरीच्या जुडीला बांधलेला रबर आणि फळावरची स्टिकरची चिकटी आधी काढून ठेवावी. माझ्या मते ही सवय अर्धवट जमलेल्या खताच्या कुंडीपेक्षा अधिक मोलाची आहे. उरलेले अन्न मात्र टाकण्यापूर्वी दहादा विचार करावा, कारण ते पिकवायला आणि शिजवायला लागलेले पाणी व गॅस कोणताच प्रकल्प परत देऊ शकत नाही. रात्रीच्या पोळ्या उरल्या तर सकाळी फोडणीची पोळी, भात उरला तर फोडणीचा भात, हे आपल्या घरांना शिकवावे लागत नाही. आळस मात्र सोडावा लागतो.

आता आपल्या प्लास्टिकच्या डब्याविषयी. आपला भरलेला डबा एकदा वर्तमानपत्रावर पालथा करून पाहा. आमच्या घरी त्यात सर्वाधिक निघाल्या त्या दुधाच्या आणि शेवेच्या पिशव्या, आणि रविवारी पोहे-जिलबीबरोबर आलेली पाकिटे. पोह्यांना घरचा स्टीलचा डबा नेला, शेव सुटी घेतली आणि दूध किटलीत घ्यायला सुरुवात केली, तेव्हा डबा भरायला पूर्वीपेक्षा बराच अधिक वेळ लागू लागला. दुकानदार आरंभी कुरकुर करतात, नंतर स्वतःच डबा मागतात. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले आणि चमच्यांवर देशभर बंदी आहे, पण त्यांच्या जागी आलेल्या कागदी पेल्यांनाही आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. त्यामुळे घरच्या कार्याला स्टीलचे पेलेच काढावेत. भांडी घासायला चार हात अधिक लागतील, तेवढे लावावेत.

उत्तर ४ (लोकमान्यनगर)

एसी असल्यास तो २४ अंशांवर ठेवावा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. माळव्यातली रात्र उन्हाळ्यातही बरीच निवते, तेव्हा पहाटे खिडक्या उघडल्या तर यंत्र बंदच करता येते.

वाणाविषयी माझे मत थोडे ठाम आहे. जुन्या साडीच्या पिशव्या शिवून देणे चांगले, पण प्रत्येकीकडे पिशव्यांचाही ढीग झाला आहे. घरात साठून राहणारी वस्तू देण्यापेक्षा संपणारी वस्तू द्यावी: कागदी पुडीत हळद, गुळाची लहान ढेप, किंवा वाळवलेल्या गिलक्याची जाळी, जी अंग घासायला वापरून झाली की ओल्या कचऱ्यात जाते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. सासूबाईंना गुळाची ढेप लगेच पसंत पडली. शिळ्या पाण्याचा विषय मात्र मी अजून काढलेला नाही. गिलक्याच्या जाळ्या सुमारे पन्नास लागतील. त्या इंदुरात एकत्र कोठे मिळतील, हे लोकमान्यनगरच्या ताईंनी कृपया कळवावे.