अनुभव धागा: सोलापूरच्या घरांतली आणि बालवर्गातली अनेक भाषांची शाळा

सोलापुरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दू घरातले मूल मराठी वा इंग्रजी शाळेत जाणे ही रोजची गोष्ट आहे. दुसरी भाषा निव्वळ विषय म्हणून न शिकवता खेळ, गोष्टी आणि गणितही त्याच भाषेतून घेण्याचा गाजलेला प्रयोग १९६५ मध्ये कॅनडात, माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट येथे सुरू झाला. तिथल्या इंग्रजीभाषक पालकांनी आग्रहाने मुलांसाठी फ्रेंच बालवर्ग सुरू करवून घेतला, दुसरीपासून इंग्रजी वाचन जोडले गेले, आणि पुढे या मुलांचे इंग्रजी मागे पडले नाही, फ्रेंच मात्र विषय म्हणून शिकणाऱ्यांपेक्षा खूपच सरस झाले. आपल्या लहान मुलांचे अनुभव येथे सविस्तर लिहावेत.

पूर्व भागातील एक आई

आमच्या घरी तेलुगू बोलली जाते. सासूबाई विड्या वळतात, यजमान यंत्रमागावर आहेत. मुलगी मराठी बालवाडीत जाऊ लागली तेव्हा दिवाळीपर्यंत वर्गात जवळजवळ गप्पच असे, परंतु बाईंनी सांगितलेले सगळे करत असे. बाईंना तेलुगू समजत असल्याने त्या तिचे तेलुगू उत्तर आनंदाने स्वीकारत आणि तेच मराठीत पुन्हा म्हणत. तिला चूक ठरवले जात नव्हते, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. आता ती शाळेतली गोष्ट आजीला तेलुगूत सांगते आणि सांगताना आजीला काय ठाऊक नसेल ते स्वतःहून समजावते.

अक्कलकोट रस्त्यावरील एक वडील

मुलाच्या इंग्रजी शाळेतून घरीही इंग्रजीच बोला, अशी सूचना आली होती. आम्ही ती मानली नाही. रात्रीच्या गोष्टी आजोबांकडून कन्नडमध्येच चालू राहिल्या, आणि शाळेत इंग्रजी गोष्ट वाचताना पुढे काय होईल याचा अंदाज तो चटकन बांधू लागला. गोष्ट ऐकण्याची सवय घरच्या भाषेत लागली होती, म्हणूनच हे घडले, असे माझे मत आहे.

उर्दू बालवर्गाच्या शिक्षिका

आमची मुले उर्दू उजवीकडून आणि मराठी डावीकडून लिहितात. थोडे दिवस गोंधळ होतो, मग तो आपोआप मिटतो.

एक निवृत्त मुख्याध्यापक

वरील अनुभवांना एक महत्त्वाची पुस्ती जोडतो. सेंट लँबर्टच्या मुलांची घरची भाषा समाजात प्रतिष्ठित होती आणि तिचे वाचनही शाळेत शिकवले गेले. ज्या मुलाची भाषा वर्गाच्या दाराबाहेर ठेवली जाते, त्याला तो लाभ आपोआप मिळत नाही. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी मांडले आहे की एका भाषेत कमावलेली वाचनाची व विचाराची समज दुसरीत उपयोगी पडते. पण त्यासाठी पहिली भाषा वाढत राहिली पाहिजे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही, शक्य असेल तेथे, किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा माध्यम असावी, असे म्हटले आहे. अनेक भाषांमुळे बुद्धी वाढते, असा दावा मी करणार नाही, कारण त्याबद्दल संशोधकांत मतभेद आहेत. पालकांना मात्र एवढे सुचवेन की बालभारतीची पुस्तके तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही निघतात. मूल कोणत्याही माध्यमात असले, तरी घरच्या भाषेतले पहिलीचे पुस्तक आणावे आणि घरात वाचता येणाऱ्याने ते मुलाला जवळ घेऊन वाचावे.