मदत हवी आहे: नाथसागरातल्या बेटांवरच्या गवतांची नोंद कशी करावी?

नमस्कार मंडळी. मी पैठणकडचा, वनस्पतीशास्त्राचा विद्यार्थी. जायकवाडी धरणाच्या पाण्यात, म्हणजे नाथसागरात, काही उंचवटे बेटं होऊन राहिलेत. त्यातल्या एकावर पूर्वी शेळ्या चरायच्या, कडेला गाळपेर (पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) व्हायची. आता दोन्ही बंद आहे. जुनी माणसं सांगतात, मारवेल आणि कुसळी ही गवतं भरपूर होती. आज वेडी बाभूळ माजलीय आणि काठाला बेशरमची झुडपं.

बाल्टिक समुद्रातल्या बेटांबद्दल वाचलं. तिथे चराई आणि गवतकापणी थांबल्यावर जुनिपरसारखी झुडपं वाढली आणि उजेड लागणाऱ्या बुटक्या वनस्पती मागे पडल्या. पण तिथल्या समुद्राची पातळी धरणासारखी दरवर्षी मीटरच्या मीटर चढत-उतरत नाही! माझी खरी अडचण हीच: बदल चराई थांबल्याने झाला की पाण्याच्या चढउताराने, हे वेगळं कसं काढायचं? बुडणारा पट्टा सोडून फक्त माथ्यावर एक मीटरचे चौकोन आखले तर चालेल का? तुलनेला काठावरचं चालू गायरान घ्यावं म्हणतो, पण तिथली माती वेगळी असली तर?

मराठवाड्यातली गवतं पावसाळ्याअखेर ओळखून देईल असं कुणी आहे का? १९७६ ला धरण झालं, त्याआधीचे या भागातले वाळवलेले नमुने कुठे पाहायला मिळतील?