आश्विनातलं समुद्राकाठचं घर: तुमच्याही आठवणी लिहा

रानजाई (गंगापूर रोड)
घट बसायच्या आधी कपाटं आवरायला काढली. तळाला अंथरलेलं जुन्या कॅलेंडरचं पान निघालं, ऑक्टोबरचं. तिथींजवळ आजोबांच्या पेन्सिलीचे आकडे. दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पान हातात घेऊन खालीच बसले.

बोर्डीला आजोळ. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की दुसऱ्या दिवशी त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत एसटीने निघायचो. शाळेला चार दिवस दांडी. पावसासाठी पडवीला बांधलेले झावळ्यांचे झाप आजोबा त्याच आठवड्यात सोडायचे. एकेक झाप खाली आला की चार महिने अंधारलेल्या जमिनीवर उन्हाचा पट्टा पडायचा. आजी लगेच तिथे गाद्या टाकायची. गादीला आधी ओल्या कापसाचा वास, दुपारपर्यंत नुसता उन्हाचा.

बोर्डीचा समुद्र ओहोटीला इतका आत जातो की दिसतही नाही. पण कोजागरीला दूध आटेपर्यंत पाणी सुरूंच्या बनाशी आलेलं असायचं. घर विकलं. तुम्हीही लिहा ना.

बागवाला (दिंडोरी)
हिचं माहेर हर्णै. लग्नाला 19 वर्षं झाली, आश्विनात एकदाही नेता आलं नाही. द्राक्षाची गोडी छाटणी नेमकी तेव्हाच. मे महिन्यात जातो, पण ती म्हणते हा आमचा समुद्र नाही, आमचा पावसानंतरचा. तुमचं वाचून वाईट वाटलं.

गोदाकाठ
पाऊणपट आमचे मामाही करायचे! वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. कुकर लागलाय, नंतर येते.

पायवाट
मोखाड्याकडचा रस्ता आता कसा आहे? पिकलेली नागली बघायला जायचंय.

रानजाई
@बागवाला, दादा, छाटणी दोन दिवस भावावर सोपवा, पण वहिनींना न्याच.

बागवाला
भावाशी बोललो. हो म्हणाला. छाटलेल्या काड्यांना डोळे फुटायची पेस्ट लावायला मी परत येईन, ही राहील कोजागरीपर्यंत.

गोदाकाठ
किती छान! वहिनींना विचारा, बांगड्याला तांदळाचं पीठ लावतात की रवा?

बागवाला
काहीच नाही म्हणते. ताजा असेल तर हळद, तिखट, मीठ, कोकमाचा आगळ, बास. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यामुळे आश्विनातला बांगडा भरलेला असतो म्हणे.