बांगड्याच्या पोटात अळ्या आणि सुरमईत पांढरे दाणे, टाकून द्यायचं का?

कोथरूडची_सून
मंडळी एक शंका आहे, जेवताना वाचत असाल तर आधीच सॉरी. रविवारी गणेश पेठेतून बांगडे आणि एक मध्यम सुरमई आणली. सुरमईच्या तुकड्या तिथेच करून घेतल्या पण बांगडे मी घरीच साफ करते. तर दोन बांगड्यांच्या लिव्हरला चिकटून बारीक पांढऱ्या अळ्या, गोल गोल गुंडाळलेल्या, आणि एक तर पाण्यात टाकल्यावर चक्क हलली!! सुरमईत वेगळंच, पोटाकडच्या तुकड्यांत भाताच्या शितासारखे पांढरे दाणे, सुरीने काढले तर निघतात. सासूबाई म्हणतात मासा कुजलेला होता, सगळं टाक. पण कल्ले लालभडक होते, डोळे स्वच्छ, वास काही नाही. दीर म्हणतो समुद्रात एवढी घाण सोडतात मग दुसरं काय होणार. माझं माहेर साताऱ्याचं, मटणवाले आम्ही, मला यातलं काही कळत नाही. सगळं फ्रीजरमध्ये ठेवलंय. खायचं का? मुलाला दिलं तर चालेल का?

रत्नांग्रीची_वैनी
अगो टाकू नको, सुरमईचा भाव बघितलास का! आमच्याकडे हे दिसलं की काढतात आणि कालवण टाकतात, कोणी बोलत पण नाही त्यावर. फक्त एक लक्षात ठेव, मासा आणला की पोट लगेच साफ करायचं, तसाच आतड्यासकट फ्रीजमध्ये उद्यावर ढकलायचा नाही. पोटाची पातळ कड असते ना ती कापून टाक, किडा असलाच तर जास्त तिथेच. बाकी हळद मीठ आगळ लावून नीट शिजव आणि पोराला बिनधास्त दे.

झूऑलॉजीवाला
वैनी बरोबर बोलतायत. ताई, तुम्हाला दिसले ते बहुतेक दोन वेगळे प्राणी आहेत आणि दोघांचाही मासा कुजण्याशी संबंध नाही, मासा जिवंत असतानाच ते आत होते. फोटो नाहीये म्हणून बहुतेक म्हणतोय.

लिव्हरवरची गुंडाळलेली अळी म्हणजे ॲनिसाकिस गटातला गोलकृमी. याचं खरं घर डॉल्फिन आणि देवमाशाचं पोट. तारकर्लीला आपण पैसे देऊन जे डॉल्फिन बघायला जातो ना, तसल्यांच्या जठरात हे मोठे होतात, अंडी विष्ठेतून पाण्यात, त्यातली पिल्लं कोळंबीच्या जातीचे अगदी बारीक जीव खातात, त्यांना मासा खातो, त्या माशाला मोठा मासा, आणि अळी प्रत्येक वेळी नवीन पोटात जाऊन गुंडाळून बसते, वाट बघत, की कधी एकदा डॉल्फिन हा मासा खातोय. म्हणून जो मासा लांब लांब फिरतो आणि दुसऱ्यांना खाऊन मोठा होतो त्याच्यात त्या साठत जातात. वैनी म्हणाल्या ते पोट लगेच साफ करण्याचं कारणही हेच, मासा मेल्यावर काही अळ्या आतड्याकडून मांसात शिरतात, आणि पुण्यात मासा येईपर्यंत बर्फात किती वेळ गेला ते आपल्याला थोडीच माहिती असतं.

सुरमईतले दाणे म्हणजे ट्रिपॅनोरिंका नावाच्या पट्टकृमीची पिल्लं असावीत. त्यांचं घर मुशी (शार्क) आणि पाकटाच्या (चपटा, लांब शेपटीचा मासा) आतड्यात. हे माणसात वाढत नाहीत, फक्त बघायला किळसवाणे. सुरमईत जगभर सापडतात.

पेठेतला_म्हातारा
म्हणजे मासा खाताना सोबत फुकटात मटण. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, हे सगळं प्रदूषणच आहे, लिहून ठेवा.

झूऑलॉजीवाला
काका, तुमच्या वेळीही होतं, बघत कोण होतं! आणि प्रदूषणाचं उलटच आहे थोडं, या कृमीचं चक्र पूर्ण व्हायला डॉल्फिन लागतो, मुशी लागते, मधले बारीक जीव लागतात, त्यातलं एक संपलं की कृमीही संपतो. उलट पिंजऱ्यात वाढवलेला सामन कारखान्यातलं खाद्य खातो म्हणून त्यात ॲनिसाकिस जवळजवळ नसतोच, जंगली सामनमध्ये भरपूर.

आता सामन निघालाच आहे तर माझा आवडता किस्सा. उत्तर पॅसिफिकमध्ये सॉकाय जातीचे सामन भर समुद्रात मिसळून फिरतात, काही अलास्काच्या नद्यांतले, काही रशियाच्या कामचाटकातले, आणि जाळ्यात आलेला मासा कुठला यावरून देशादेशांत भांडण. १९६०च्या आसपास कॅनडाच्या लिओ मार्गोलिस या कृमीतज्ज्ञांनी दाखवलं की माशाला विचारायची गरज नाही, किडा सांगतो. अलास्काच्या ब्रिस्टल बेकडच्या तळ्यांत लहानपण गेलेल्या माशांच्या मांसात एक ठराविक पट्टकृमी असतो, कामचाटकावाल्यांच्या आतड्यात एक वेगळा गोलकृमी, आणि हे दोन्ही गोड्या पाण्यातच लागतात, समुद्रात लागत नाहीत. म्हणजे जन्मदाखला पोटात घेऊन फिरतात बिचारे. आपल्याच सुरमईच्या जातीवर ऑस्ट्रेलियात असंच काम झालंय, उत्तरेकडच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणच्या सुरमईत कृमी वेगवेगळे निघाले, म्हणजे वाटतं तेवढी ती एकमेकांत मिसळत नाही. खुणेचं प्लास्टिक लावून सोडलेला मासा परत सापडायची वाट बघत बसा, त्यापेक्षा हे बरं.

बाणेर_फूडी
ओके पण मी घरी सुशी ट्राय करणार होतो 😬 सामन परवडत नाही म्हणून सुरमई आणि कुपा (ट्यूना). लिंबात तासभर मुरवला तर मरतील ना?

झूऑलॉजीवाला
नाही रे बाबा. लिंबू, व्हिनेगर, वासाबी, थोडंसं मीठ, कशानेच भरवसा नाही. १९६० मध्ये ॲनिसाकिसमुळे होणारा आजार पहिल्यांदा नीट ओळखला गेला तो नेदरलँड्समध्ये, हलका खारवलेला कच्चा हेरिंग खाणाऱ्यांत, मग १९६८ पासून तिथे तो मासा आधी गोठवायची सक्ती झाली. स्पेनमध्ये व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या छोट्या माशांमुळे लोक आजारी पडायचे, तिथेही गोठवायचा नियम आला. जिवंत अळी पोटात गेली तर ती जठराच्या भिंतीत घुसायला बघते, काही तासांत भयंकर पोटदुखी, उलट्या, आणि बऱ्याचदा डॉक्टर दुर्बीण घालून चिमट्याने ओढून काढतात. ती माणसात मोठी होत नाही, मरते, पण तोपर्यंत तुझी वाट लावते.

गोठवायचं तर माशाच्या मधोमध उणे २० अंश यायला हवं, युरोपच्या नियमात निदान २४ तास, अमेरिकेच्या नियमात ७ दिवस. घरचा फ्रीजर उणे १८ च्या आसपास, त्यात दर तासाला कोणीतरी आईस्क्रीम काढायला दार उघडणार. आणि किड्याचा प्रश्न सुटला तरी बाजारात बर्फावर पडलेला कुपा कच्चा खाणं हा वेगळाच वेडेपणा आहे, त्यातलं हिस्टामिन, म्हणजे मासा नीट गार न ठेवल्यावर त्यात तयार होणारं त्रासदायक द्रव्य, ना गोठवून जातं ना शिजवून.

बाणेर_फूडी
काकडीची सुशी फायनल.

कोथरूडची_सून
थँक्यू सगळ्यांना 🙏 म्हणजे तळलं की झालं ना? जाड तुकडी आहे म्हणून विचारतेय.

झूऑलॉजीवाला
आतपर्यंत ६० अंश एक मिनिट झालं की संपलं, जाड तुकडी असेल तर मंद आचेवर तळा, मधला गुलाबी रंग जाऊन मांस सुटं झालं पाहिजे. कालवणात तर प्रश्नच नाही. एकच अपवाद, ज्यांना या कृमीची ॲलर्जी झालेली असते त्यांना शिजलेल्या मेलेल्या अळीनेही पित्त उठू शकतं, कारण त्यातली काही प्रथिनं उष्णतेने मोडत नाहीत. मासा खाल्ल्यावर घरात कोणाच्या अंगावर गांध्या येत असतील, ओठ सुजत असतील तर डॉक्टरला हेही सांगा, नाहीतर सगळा दोष कोळंबीवर जातो.

रत्नांग्रीची_वैनी
आणि त्या कापलेल्या कडा मांजराला घालशील तर त्याही उकडून घाल गो, कच्च्या नको.