पेनड्राइव्हविना २० संगणकांवर डेबियन

प्रश्न: शाळेतील २० जुन्या संगणकांवर नेटवर्कवरून डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली बसवायची आहे, परंतु आयपी पत्ता मिळूनही पडद्यावर ‘पीएक्सई-ई५३’ (म्हणजे नेटवर्कवरून संगणक सुरू करणाऱ्या बूट फाइलचे नाव मिळाले नाही) असा संदेश येतो आणि सगळे तिथेच अडते. राउटरमध्ये बूट फाइलचे नाव देण्याची सोयच नाही.

उत्तर: राउटरला हात लावू नका. एका संगणकावर डीएनएसमास्क ही छोटी नेटवर्क सेवा प्रॉक्सी-डीएचसीपी पद्धतीने (पत्ते न वाटता फक्त बूटची माहिती पुरवत) चालवल्यास पत्ते राउटरच देईल, बूट फाइलचे नाव तेवढे डीएनएसमास्क सांगेल आणि ती फाइल त्याच्याच टीएफटीपी या फाइल पाठवणाऱ्या सेवेतून उतरेल.

उत्तर: सोबत प्रीसीड फाइल, म्हणजे डेबियन बसवताना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची आधीच दिलेली उत्तरे, लिहिल्यास तेच प्रश्न २० वेळा सोडवावे लागत नाहीत. डिस्कच्या विभाजनाच्या ओळी मात्र जपून लिहा. एकदा माझी जुनी डिस्क न विचारता पुसली गेली.

उत्तर: अद्यतनांसाठी एका संगणकावर एपीटी-कॅशर-एनजी (उतरवलेली पॅकेजेस साठवून इतर संगणकांना देणारी सेवा) बसवा, म्हणजे प्रत्येक पॅकेज इंटरनेटवरून एकदाच उतरेल, आणि सुरक्षा अद्यतने ती आपोआप बसवणाऱ्या अनअटेंडेड-अपग्रेड्सवर सोपवा.

प्रश्नकर्ता: डीएनएसमास्कमुळे पहिला संगणक सुरू झाला. आभार.